घरचे औषधाचे फडताळ

औषध घरात असते. पण वेळेला सापडत नाही.

रात्री कुणाचे तरी पोट फुगते. ओवा हवा असतो. तो सासूबाईंनी ठेवलेला. सासूबाई गेल्या आहेत लेकीकडे. देवळीत तीन पुरचुंड्या आहेत. तिन्ही एकाच फडक्याच्या. सून एक सोडते, हुंगून बघते. "ह्यो ओवाच न्हवं?" नवरा म्हणतो, "असंल."

"असंल" या शब्दावर औषध द्यायचे नसते. "आहे" असे म्हणता आले पाहिजे. म्हणून घरात औषधाचे एक फडताळ असावे. त्यात मोजक्या वस्तू असाव्यात. आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असावी. हे फडताळ कसे लावायचे ते आता पाहू.

आपला मुलूख औषधाचा

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातले मोठे गाव. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता इथून जातो. पुढे आंबा घाट लागतो. घाटाखाली कोकण. इकडे पाऊस फार, म्हणून रानही दाट. हिरडा, बेहडा, आवळा, शिकेकाई, अडुळसा, कुडा, गुळवेल ही नावे इथल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाहीत. आज्या-पणज्यांना झाडे पानावरून, सालीवरून, वासावरून ओळखता येत. त्यांच्या बटव्यात सुंठ, हिरडा, वेखंड, जायफळ असायचेच.

पण हे ज्ञान तोंडी होते. आजी गेली की बटवा उरतो. त्यातले काय कशासाठी, हे मात्र तिच्याबरोबर जाते.

चेटूक नव्हे, माहिती

झाडपाला जाणणाऱ्या बाईकडे लोक दोन नजरांनी बघत आले. गुण आला की म्हणायचे, हाताला यश आहे. गुण आला नाही, वर गावात कुणी दगावले, की म्हणायचे, हिनेच काहीतरी केले. मग तिला चेटकीण ठरवायचे. युरोपात असा आळ घेऊन हजारो बायकांना ठार मारले. आपल्या देशातही असे प्रकार झाले आहेत.

आता महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी कित्येक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे भासवून तिला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

झाडपाल्यात जादू नसते. झाडात काही द्रव्ये असतात. त्यांचा शरीरावर परिणाम होतो. थोडे घेतले तर थोडा, फार घेतले तर फार. सगळी गंमत मापात आहे.

याची एक खरी गोष्ट ऐका. इंग्लंडात विल्यम विदरिंग नावाचे डॉक्टर होते. १७७५ साली त्यांना कळले, की श्रॉपशायर भागातली एक म्हातारी अंगाला पाणी सुटून सुजलेल्या माणसांना झाडपाल्याने बरे करते. तिच्या औषधात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंगनी शोधून काढले, की खरा गुण त्यातल्या एकीचाच आहे. तिचे नाव फॉक्सग्लोव्ह. पण ती वनस्पती विषारी. माप चुकले तर माणूस मरायचा. विदरिंगनी दहा वर्षे रोग्यांना ती मापून दिली. कुणाला किती दिली, काय झाले, हे लिहून ठेवले. गुण आला ते लिहिले, आला नाही तेही लिहिले. १७८५ साली त्याचे पुस्तक छापले. हृदयाच्या दुखण्यावरचे एक औषध त्यातून जगाला मिळाले.

त्या म्हातारीचे नाव मात्र पुस्तकात नाही. तिला ठाऊक होते, पण लिहिलेले कुठे नव्हते. ज्याने मापले आणि लिहिले, त्याचे नाव राहिले.

फडताळ कुठे असावे

भिंतीतले फडताळ असेल तर उत्तम. नसेल तर झाकणाची पेटी चालेल. चार गोष्टी सांभाळा.

पहिली, जागा कोरडी हवी. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात. ओलीने बुरशी धरते. बुरशी धरलेले औषध उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका. ते टाकून द्या.

दुसरी, चुलीजवळ ठेवू नका. वाफेने आणि उष्णतेने सुगंधी वस्तूंचा कस उडून जातो.

तिसरी, पोरांचा हात पोचू नये इतके उंच ठेवा.

चौथी सर्वांत मोठी. शेतात मारायच्या औषधालाही आपण औषधच म्हणतो. उसावरचे औषध, भातावरचे औषध. पण ते विष आहे. ते या फडताळात नको, या खोलीत नको, जमले तर घरातच नको. सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत ते कधी ओतून ठेवू नका. आणि त्याची रिकामी बाटली कितीही धुतली तरी घरात वापरू नका. अंधारात बाटली चुकल्याने माणसे मेली आहेत.

बरण्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या घ्या. झाकण घट्ट बसले पाहिजे. आवळ्यासारखी आंबट वस्तू तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका.

काय ठेवावे

फार वस्तू नकोत. ज्या ओळखता येतात आणि ज्यांचे माप ठाऊक आहे तेवढ्याच ठेवा. खालची मापे मोठ्या माणसांची आहेत.

*ओवा.* पोट फुगले, वात धरला, तर चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खावा. वर कोमट पाणी प्यावे.

*सुंठ.* सर्दी झाली, घसा धरला, तर चिमूटभर सुंठ गुळाबरोबर घ्यावी. पाण्यात उकळून प्यायली तरी चालते.

*हळद.* किरकोळ खरचटले तर आधी जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. धुणे हे खरे औषध. मग स्वच्छ हळद लावलीत तरी चालेल. जखम खोल असेल, खिळा किंवा पत्रा लागला असेल, तर हळद दाबून बसू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

*लवंग.* दाढ ठणकत असेल तर लवंग दाढेखाली धरावी. लवंगेच्या तेलाने दुखरी जागा बधिर होते. दातांचे डॉक्टरही हे तेल वापरतात. पण कीड त्याने जात नाही. दात दाखवावाच लागतो.

*अडुळसा.* हा वाळवून ठेवण्यापेक्षा परसात लावावा. कफ सुटत नसेल तर तीन-चार पाने चार कप पाण्यात उकळून एक कप उरवावी. गाळून, मध घालून, दोन वेळा थोडे थोडे प्यावे. अडुळशातल्या द्रव्यावरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध तयार केले. दुकानात मिळणाऱ्या कित्येक खोकल्याच्या औषधांत ते असते. पण गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आवळते.

*हिरडा.* शौचाला साफ होत नसेल तर रात्री अर्धा चमचा पूड कोमट पाण्यातून घ्यावी. जुलाब होत असताना, अंगात फार अशक्तपणा असताना आणि गरोदरपणी घेऊ नये. हिरडे अख्खे ठेवा. लागेल तेवढाच कुटा. शार्ङ्गधरसंहिता हा वैद्यकाचा जुना ग्रंथ आहे. दोन महिन्यांनी चूर्णाचा गुण कमी होतो, असे त्यातही सांगितले आहे.

तुळस, गवती चहा, कोरफड, आले ही परसातच बरी. ताजी मिळतात, साठवण्याची कटकट नाही.

याशिवाय फडताळात ताप मोजायची नळी, स्वच्छ धुतलेले सुती कापड, कात्री, साबण आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तापाच्या गोळ्या असाव्यात. झाडपाला आणि गोळी यांचे भांडण नाही. एकाच फडताळात दोन्ही नांदतात. डॉक्टर विचारतील तेव्हा मात्र घरी काय काय घेतले ते सगळे सांगावे.

मीठ आणि साखर

तुमच्या घरातले सर्वांत मोलाचे औषध चुलीजवळच्या डब्यात आहे. मीठ आणि साखर.

जुलाब-उलट्यांनी माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या पाण्याच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करीत होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापाने मिसळून पुड्या बांधल्या. त्या पाण्यात घालून रोग्यांचे नातेवाईकच रोग्यांना पाजू लागले. आधी शंभरांतली तीसेक माणसे मरत होती. ते प्रमाण चारच्याही खाली आले. २०२२ साली डॉ. महालनबीस वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आशाताईकडे, सरकारी दवाखान्यात अशा पुड्या मिळतात. दोन फडताळात ठेवून द्या. पुडी नसेल तर घरी करा. माप पाठ करा:

एक लिटर उकळून गार केलेले पाणी. सहा सपाट चहाचे चमचे साखर. अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ.

चमचा सपाटच हवा, शिगोशीग नको. मीठ जास्त झाले तर लहान पोराला ते बाधते. केलेले पाणी एका दिवसात संपवा, उरले तर ओतून द्या. अंगावरचे दूध चालूच ठेवा. पोराला दवाखान्यात नेताना वाटेतही घोट घोट पाजत राहा.

चिठ्ठी लिहा

आता तुमच्या अक्षरांचे काम. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवा. त्यावर पाच गोष्टी लिहा. नाव काय. भरले कधी. कशासाठी. किती. कुणाला द्यायचे नाही. अशी:

ओवा
भरला : १ एप्रिल
पोट फुगल्यास
चिमूटभर, मिठाबरोबर, वर कोमट पाणी
तान्ह्या बाळाला नाही

अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वाचता आले की झाले. पेन्सिलीने लिहू नका, पुसून जाते. चिठ्ठी बरणीला लावा, झाकणाला नको. झाकणे बदलतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल तर त्यांना चिठ्ठी वाचून दाखवा. आजी म्हणेल, "अगं, हे न्हाई लिव्हलंस, पोटुशी बाईला ते देत न्हाईत." ते लिहून घ्या. ती सांगेल, तुम्ही लिहा.

ज्या पुडीचे नाव कुणालाच सांगता येत नाही, ती पुडी जमिनीत पुरून टाका. पैसे गेले तरी चालतील.

फडताळात काय नको

ओवा वेगळा आणि खुरासनी ओवा वेगळा. पहिला स्वयंपाकातला. दुसरा विषारी. नाव मात्र सारखे. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते. ते पोटात गेले तर माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो.

औषधांविषयीचा देशाचा कायदा १९४० सालचा आहे. त्याखालच्या नियमांत विषारी वनस्पतींची एक यादी दिली आहे. त्यातली कित्येक नावे आपल्या बांधावरची आहेत: धोतरा, कण्हेर, रुई, गुंज, बिब्बा, कळलावी, जेपाळ, बचनाग, काजरा, खुरासनी ओवा. वैद्य यांतली काही वापरतात, पण आधी शुद्ध करून आणि अगदी सूक्ष्म मापाने. ते काम घरचे नव्हे. बिब्ब्याचे तेल लागले तर कातडीला फोड येतात. कळलावी बाळंतिणीच्या कळांसाठी देण्याची खोड जुनी आहे. तिने बाळंतीण दगावू शकते.

दुसरी नको असलेली वस्तू म्हणजे सांधेदुखीची बिननावाची पुडी. एका दिवसात गुण येतो, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. बाहेर झाडपाल्याचे नाव, आत दुसरेच काही. चिठ्ठी नसलेले औषध विकतही घेऊ नका.

तान्ह्या बाळाच्या गुटीविषयीही बोलले पाहिजे. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळून चाटवायची चाल घरोघरी आहे. पण सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका. मधातल्या जंतूंनी बाळाला जिवावरचे दुखणे होऊ शकते. जायफळ आणि वेखंड जास्त झाले तर बाळ गुंगते. शांत झोपले असे आपल्याला वाटते. बाळाच्या नाळेला शेण, राख, तेल काही लावू नका.

चांगल्या औषधाचेही अति झाले तर माती होते. करोनाच्या साथीत लोकांनी महिनोन्‌महिने गुळवेलीचा काढा प्यायला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी असे काही रोगी नोंदवले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. दुसरीच वेल गुळवेल म्हणून वापरली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. यातून शिकायचे ते एवढेच: वेल नक्की कोणती ते पाहा, आणि कोणताही काढा रोजचा चहा करू नका.

फडताळ बंद करून निघा

काही दुखण्यांत फडताळाकडे जाण्यात वेळ घालवू नये.

साप चावला तर पाला वाटू नका, जखम चिरू नका, दोर आवळू नका. माणसाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. तडक सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच लस चालते, आणि सरकारी रुग्णालयात ती फुकट टोचतात. १०८ क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिका येते. मोठी गरज पडली तर कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. त्यालाच आपण सीपीआर म्हणतो.

विंचवाचेही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाचा अभ्यास केला. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली. ती रक्तदाबाची गोळी. वेळेवर दिली की मरणारे रोगी वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू उतरवणाऱ्याकडे रात्र घालवली तर ही गोळी देण्याची वेळ निघून जाते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे, हाही २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

याखेरीज: दोन आठवड्यांवर खोकला, म्हणजे क्षयाची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. छातीत दुखून घाम सुटला, श्वास लागला, शौचातून रक्त पडले, पोराने दूध सोडले, गरोदर बाईच्या अंगावर रक्त गेले, ताप तीन दिवसांवर टिकला, तर निघा. भाजले तर वीस मिनिटे गार पाणी ओता. पेस्ट, शाई, चिखल लावू नका. मग दवाखाना गाठा.

रानातून आणताना

आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या लाकडात कर्करोगावर उपयोगी पडणारे द्रव्य असते. ते कारखान्यात वेगळे काढतात, शुद्ध करतात, मगच त्याचे औषध होते. नुसत्या लाकडाचा काढा म्हणजे औषध नव्हे. पण या द्रव्याला किंमत आली आणि रानोमाळ नरक्याची चोरटी तोड झाली. लाकडाचे पैसे एकदाच मिळाले. झाड कायमचे गेले.

म्हणून पाने खुडा, मूळ उपटू नका. साल काढायची तर फांदीची थोडी काढा, बुंध्याभोवती कडे काढू नका. सगळे फळ वेचू नका, रुजायला काही राहू द्या. चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथून काही तोडून आणणे गुन्हा आहे. अडुळसा, गवती चहा यांसारखी झाडे परसात लावली तर रानात जायची गरजही पडत नाही.

एक वही

शेवटी एक वही करा. पहिल्या पानावर १०८ हा आकडा, आशाताईचा फोन आणि जवळच्या दवाखान्याचा फोन लिहा. दुसऱ्या पानावर साखर-मिठाच्या पाण्याचे माप लिहा. पुढे तारीख घालून नोंद करा: कुणाला काय झाले, काय दिले, किती दिले, गुण आला का. गुण आला नाही तर तेही लिहा. लपवू नका.

एकाच दिवसात सगळे होणार नाही. आज एकच करा. घरातली एक पुरचुंडी सोडा. तिच्यात काय आहे ते घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला विचारा. बरणीत भरा. चिठ्ठीवर नाव लिहा. आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा.